९ मीटरच्या घरच्या पूलमध्ये पोहून फिट होता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४, वजन ७८ किलो, दिवसभर बसून काम, वर्षभरापासून बीपीची गोळी सुरू. मुळशीच्या बाजूला बंगला घेतलात, मागच्या अंगणात ९ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद पूल आहे, खोली ४ ते ५ फूट. गेले दोन महिने आठवड्यातून पाच दिवस, घरचे उठायच्या आत, तुम्ही रोज ६० फेऱ्या मारता. त्याला २५ मिनिटं लागतात. वजन जेमतेम अर्धा किलो उतरलं, जिना चढताना दम पूर्वीएवढाच लागतो आणि सारखं वळून डोकं गरगरतं. तर हा छोटा पूल सोडून शहरातल्या २५ मीटरच्या तलावाची मेंबरशिप घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी सव्वीस वर्षं मोठ्या माणसांना पोहायला शिकवतोय. माझं उत्तर: मेंबरशिप एवढ्यात घेऊ नका. मुळशीहून शहरात जाऊन-येऊन दीड-दोन तास मोडणार. पहिले पंधरा दिवस उत्साहात जातील, मग ट्रॅफिक, मग पाऊस, मग बंद. दाराबाहेर पाणी असणं ही फार मोठी सोय आहे. ती सोडण्याआधी तुमच्या आकड्यांकडे एकदा नीट बघू, कारण अडचण काय आहे ते त्यांच्यातच दिसतंय.

६० फेऱ्यांना २५ मिनिटं, म्हणजे एका फेरीला २५ सेकंद. ९ मीटर अंतर अगदी रमतगमत पोहलं तरी १२-१३ सेकंदांत होतं. मग उरलेले १२ सेकंद कुठे जातात? ते काठाला जातात. हात टेकतो, पाय खाली येतात, चेहऱ्यावरचं पाणी पुसलं जातं, गॉगल सारखा केला जातो, एक मोठा श्वास, मग पुढची फेरी. हे तुम्ही मुद्दाम करत नाही. छोट्या पूलमध्ये काठ सारखा समोर येतो आणि समोर आला की माणूस थांबतोच. मी शिकवलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांचं हे होतं.

आता पोहण्याचे जे १२-१३ सेकंद आहेत त्यातही बघा. भिंतीला पाय लावून ढकललं की शरीर तीन-चार मीटर आपोआप सरकतं. शेवटचा मीटरभर आपण हात लांब करून काठाकडे जातो. मधे उरतात चार-पाच मीटर, तेवढ्यात हात फार तर पाच-सहा वेळा मारला जातो. तेवढ्यात श्वासाची लय बसत नाही, हृदयाचा वेग वर जातो न जातो तोच खाली येतो. ६० फेऱ्यांचे कागदावर ५४० मीटर होतात, पण हातापायांनी खरोखर ओढून काढलेलं अंतर त्याच्या अर्ध्याच्या आसपास आहे.

वजनाचंही तसंच. तुमच्या वजनाच्या माणसाने सावकाश, थांबत थांबत २५ मिनिटं पोहलं तर साधारण १५० कॅलरी खर्च होतात. दोन महिन्यांत ४० दिवस धरले तर ६००० कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. म्हणजे पाऊण किलो उतरायला हवं होतं, अर्धा उतरलं. तुमचं शरीर बरोबर हिशेबाने वागतंय, त्याच्यावर नाराज होऊ नका. शिवाय तुम्ही लिहिलंय की बाहेर आल्यावर कडकडून भूक लागते. गार पाण्यातून आल्यावर ती लागतेच. त्यावर पोह्यांची एक भरलेली बशी आणि दोन वेळा साखरेचा चहा झाला की पाण्यात घालवलेलं सगळं नऊ वाजायच्या आत परत येतं. पोहायच्या आधी अर्धं केळं खा आणि नंतर उसळ, अंडी, दही असं पोट धरणारं काहीतरी घ्या. वजनाचा मोठा भाग ताटात ठरतो. पोहण्याने दमसास वाढतो, खांदे-पाठ-पोट कसले जातात, झोप सुधारते. गुडघ्यांवर भार न येता एवढं देणारे व्यायाम मोजकेच आहेत.

आता मूळ मुद्दा. मी पोहायला शिकलो ते कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. त्या विहिरीचा व्यास तीस फूट होता, म्हणजे ९ मीटर. तुमच्या पूलएवढाच. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं तासतासभर त्या पाण्यात असायचो आणि एकाही फेरीचा हिशेब कुणी ठेवला नाही. धरायला काठ नव्हता, होता तो शेवाळलेला दगड, हातातून सटकणारा. त्यामुळे पाण्यात असेपर्यंत पोहत राहायचं, दमलो तर उताणं व्हायचं, पुन्हा पालथं व्हायचं. वर कठड्यावर काका बसलेले असायचे, त्यांनी हाक मारली की बाहेर. जूनपर्यंत आमची छाती भरलेली असायची. तेवढ्याशा पाण्यात ते झालं, कारण आम्ही थांबत नव्हतो.

म्हणून फेऱ्या मोजणं आजपासून बंद करा. मिनिटं मोजा, आणि तीही काठाला हात न लावता घालवलेली. त्यासाठी तुमच्या पूलमध्ये दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग विहिरीचा. पूलच्या कडेकडेने लांबट गोल पोहायचं. ४ मीटर रुंदीत ते बसतं, कोपऱ्यात वळण थोडं आवळावं लागतं एवढंच. भिंतीला पाय लावायचा नाही, हात लावायचा नाही. वळताना आतल्या बाजूचा हात छोटा, बाहेरचा लांब. दोन-दोन मिनिटांनी दिशा बदला, नाहीतर एकाच खांद्यावर ताण येतो आणि मानही एकाच बाजूला आखडते. सुरुवातीला फ्रीस्टाइलपेक्षा ब्रेस्टस्ट्रोकने हे सोपं जातं, कारण समोर दिसत राहतं. साधन काही लागत नाही, उद्या सकाळपासून करता येईल.

दुसरा मार्ग दोराचा. कमरेला रुंद पट्टा, त्याला मागून इलॅस्टिकचा दोर, दोराचं दुसरं टोक काठावर पक्कं बांधलेलं. तुम्ही पोहता आणि जागच्या जागी राहता. स्पर्धेची तयारी करणारे पोहणारेही ताकदीसाठी असा दोर वापरतात. नऊ मीटरचा पूल यात हवा तेवढा लांब होतो, कारण भिंत येतच नाही. दोर पाच-सहा मीटरपर्यंत ताणला जाईल असा घ्या आणि ताण थोडा थोडा वाढू द्या.

दोर कुठे बांधायचा यावर मात्र वेळ घालवा. एका बंगल्यात शिकवताना मी स्टीलच्या शिडीच्या दांड्याला दोर बांधला होता. दांडा हाताने हलवून पाहिला होता, घट्ट वाटला होता. चौथ्या-पाचव्या मिनिटाला तो बुडाच्या फरशीसकट सैल झाला. सुदैवाने कुणाला लागलं नाही. तेव्हापासून मी पूलच्या बाहेर काँक्रीटमध्ये ठोकलेला जाड हूक किंवा सिमेंटचा खांब यांशिवाय कशालाच दोर बांधत नाही. दोर पाण्याच्या पातळीपासून दोन-तीन फूट वर बांधा, म्हणजे तो लाथेत येत नाही. आणि दर आठवड्याला तो हाताने ताणून बघा. क्लोरीन आणि उन्हाने इलॅस्टिकला बारीक भेगा पडतात. भेग दिसली की दोर बदला.

दोरावर पोहताना आपण पुढे जात नाही, त्यामुळे बरोबर पोहतोय की नाही हे कळत नाही. त्याला मी एक साधा उपाय करतो. लाल फरशीचा तळहाताएवढा तुकडा पूलच्या तळाशी ठेवायचा, दोर ताणला गेल्यावर नाकाखाली येईल अशा जागी. पोहताना नजर त्या तुकड्यावर. तुकडा नाकाखाली आहे तोपर्यंत तुमचा जोर टिकून आहे. तो कपाळापलीकडे पुढे सरकला की समजा तुम्ही ढिले पडलात आणि दोराने मागे ओढलं. एक बाई माझ्याकडे शिकायच्या, वय पन्नासच्या पुढे. पहिल्या दिवशी त्यांचा तुकडा वीस सेकंदांत पुढे पळायचा. तीन महिन्यांनी त्या दहा मिनिटं त्याला जागेवर धरून ठेवायला लागल्या. हा सगळा सराव ८ मीटरच्या पूलमधला.

दोराचा एक तोटाही सांगतो. कंबर मागून ओढली जाते, त्यामुळे पाठीची कमान होते आणि पाय खाली जातात. बेंबी आत ओढून धरा, पायांची हालचाल छोटी पण सतत ठेवा, मान वर काढू नका. पोहून झाल्यावर कंबर दुखत असेल तर दोराचा ताण कमी करा. खांदा आधीपासून दुखरा असेल, हात वर जात नसेल, तर दोर आणूच नका. चाळिशी-पन्नाशीत फ्रोझन शोल्डर बऱ्याच जणांना असतो, मधुमेह असेल तर जास्तच. अशांना गोल पोहणं आणि उताणं पोहणं पुरतं.

तुमच्या गरगरण्याबद्दल. वळण्याने थोडं होत असेलही, पण माझा संशय श्वासावर आहे. नवीन पोहणारे पाण्यात श्वास धरून ठेवतात आणि डोकं बाहेर आलं की एका झटक्यात सोडणं-घेणं दोन्ही उरकायला बघतात. हवा आत घेतलेली असते, पण जुनी बाहेर गेलेली नसते, आणि दम लागल्यासारखं वाटतं ते प्रामुख्याने साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तोंड पाण्यात गेल्या क्षणापासून नाकातोंडातून संथ बुडबुडे सुटत राहिले पाहिजेत. पोहण्याआधी काठ धरून वीस वेळा नुसतं एवढंच करा: खाली जा, बुडबुडे सोडा, वर या, श्वास घ्या, पुन्हा खाली. तरीही, बीपीची गोळी सुरू असताना गरगरतंय हे आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा. गोळी कोणती आणि किती, यावर बरंच अवलंबून असतं. ते मी इथून ठरवू शकत नाही आणि ठरवूही नये. त्यांनी हो म्हटल्यावरच पुढचं.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस. पाच मिनिटं सावकाश गोल पोहून अंग मोकळं करा. मग ३० सेकंद पोहणं, ३० सेकंद उभं राहून विश्रांती, असं दहा वेळा. शेवटी पाच मिनिटं उताणं, आकाशाकडे बघत. एवढंच. सोपं वाटेल, वाटू द्या. तिसऱ्या आठवड्यापासून पोहणं ४५ सेकंदांवर न्या आणि विश्रांती १५ वर आणा. इथे पहिल्यांदा घाम फुटल्याची जाणीव होईल, पाण्यातही घाम येतोच. पाचव्या आठवड्यात दोन मिनिटं पोहणं, एक मिनिट विश्रांती, सहा वेळा. तिथून पुढे दोन मिनिटांचे तीन करा, तीनाचे पाच करा, घाई नको. सलग दहा मिनिटं पोहता आलं की जिन्यावरचा फरक तुम्हाला कळेल, घरच्यांनाही कळेल. एखादा आठवडा जमला नाही तर तोच पुन्हा करा.

जोर किती लावायचा? नाडीवर फार विसंबू नका. पाण्यात हृदयाचे ठोके जमिनीवरच्या तुलनेत मिनिटाला १० ते १५ कमी राहतात, त्यामुळे घड्याळ पाहून जॉगिंगचे आकडे इथे लावले तर उगाच जास्त जोर लावला जातो. त्यात बीपीच्या काही गोळ्या मुळातच ठोके कमी ठेवतात. त्याऐवजी विश्रांतीच्या वेळी एक अख्खं वाक्य मोठ्याने बोलून बघा. सहज बोलता आलं तर अजून जोर लावायला वाव आहे. दोन ठिकाणी श्वास घ्यावा लागला तर बरोबर. शब्दच फुटत नसतील तर थांबा.

आठवड्याला मध्यम जोराचा व्यायाम किमान १५० मिनिटं आणि शिवाय दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना सांगते. पोहण्याचे चार दिवस धरून त्यातली बरीच मिनिटं भरतील. पण पाणी आपलं वजन उचलून धरतं, त्यामुळे हाडांना हवा तो भार पोहण्यातून मिळत नाही. म्हणून उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस बैठका, भिंतीला टेकून जोर, आणि तुमच्याकडे चढाचे रस्ते आहेत तर अर्धा तास चढावर चाला. हे टाळू नका.

पुण्याकडच्या डिसेंबर-जानेवारीत उघड्या पूलचं पाणी विशीच्या आसपास येतं. स्पर्धेच्या तलावात ते २५ ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवतात, यावरून अंदाज घ्या. बीपी असताना पहाटेच्या गार पाण्यात एकदम उतरणं बरोबर नाही. थंडीत दहा-अकरा वाजता, ऊन पडल्यावर पोहा, पायऱ्यांवरून हळूहळू उतरा, आधी मानेवर आणि छातीवर पाणी घ्या. सूर तर या पूलमध्ये कधीच मारू नका. पाच फुटांत डोकं तळावर आपटून मान मोडते. पाहुण्यांच्या पोरांनाही आधीच बजावून ठेवा.

पाण्याचा सामू (पीएच) ७.२ ते ७.८ आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएम हवं. तपासायचं किट घरात ठेवा, आठवड्यातून दोन-तीनदा बघा. डोळे चुरचुरतात आणि क्लोरीनचा उग्र वास येतो तेव्हा लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा उलट असतं: घाम, तेल, लघवी यांच्याशी मिसळून क्लोरीन वापरलं गेलेलं असतं आणि ताजं कमी पडलेलं असतं. उतरण्याआधी साबण लावून अंघोळ करण्याचा नियम घरच्यांनाही लावा.

आता जे मला सगळ्यात जास्त खटकलं ते. तुम्ही लिहिलंय, घरचे उठायच्या आत पोहून घेतो. म्हणजे एकटे. बीपी आहे, गरगरतंय, आणि आता मी तुम्हाला दोर बांधून जास्त जोराने पोहायला सांगतोय. आमच्या विहिरीवर काका उगाच बसत नव्हते. काठावर जागं माणूस असल्याशिवाय पाण्यात उतरू नका. बायको चहाचा कप घेऊन तिथे बसू देत, किंवा वडील पेपर वाचत बसू देत. पण नजर पाण्यावर हवी, फोनमध्ये नको. आणि भराभर मोठे श्वास घेऊन मग पाण्याखाली जास्त वेळ राहायचा सराव कुणीही करू नये. तसं केल्याने श्वास घ्यावासा वाटायची सूचना उशिरा येते आणि माणूस त्याआधीच शुद्ध हरपतो. चार फूट पाणी त्याला पुरतं. चांगल्या पोहणाऱ्यांचेही असे जीव गेलेत.

घरात सात वर्षांची मुलगी आहे म्हणालात. पूलला चारही बाजूंनी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक हे तुमच्या सगळ्या व्यायामाच्या आधी करायचं काम आहे. तळाच्या जाळीचं झाकण पक्कं बसलंय ना, ते हात घालून बघा. पंपाच्या ओढीने त्यात मोकळे केस अडकतात. पाण्याखालचे दिवे १२ व्होल्टचे आहेत ना, आणि पंप-दिव्यांच्या लाइनवर ईएलसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन आपोआप तोडणारा स्विच, आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. ते दाबल्यावर वीज गेली पाहिजे. गेली नाही तर दुरुस्त होईपर्यंत पूलमध्ये कुणी उतरायचं नाही.

शहरातल्या तलावाला माझा कायमचा विरोध नाही. फ्रीस्टाइल नीट शिकायचं असेल, कुणीतरी काठावरून तुमचा हात आणि श्वास बघून चुका सांगाव्यात असं वाटत असेल, तर महिन्यातून दोन रविवार २५ मीटरच्या तलावात प्रशिक्षकाकडे जा. पुढे कधी मालवणसारख्या ठिकाणी समुद्रात पोहायची इच्छा झाली तर लांब पाण्याचा सराव लागेलच. सध्या मात्र घरचा पूल पुरे आहे.

डॉक्टरांशी बोलणं, कुंपण आणि ईएलसीबी, काठावर कोण बसणार हे ठरवणं: एवढं या आठवड्यात उरका. गोल पोहणं त्यानंतर सुरू करा, दोर आणि हूक पंधरा दिवसांनी आणले तरी चालेल. सहा आठवड्यांनी मला तीन गोष्टी कळवा: काठाला हात न लावता सलग किती मिनिटं पोहता येतं, कमरेचा घेर किती आहे, आणि तो जिना चढून वर गेल्यावर अख्खं वाक्य बोलता येतं का. त्यावरून पुढचे दोन महिने ठरवू.